पाहुणा कीं घरचा? : निभणाऱ्या स्थलांतराचा विचार

पाहुणा या शब्दाला आपल्या भाषेंत मोठा मान आहे. परंतु त्या मानाला मुदतही आहे. पहिल्या दिवशींचा पाहुणा आणि तिसऱ्या दिवशींचा पाहुणा यांत यजमानाच्या दृष्टीनें काय अंतर पडतें, याविषयीं आपल्याकडे म्हणीच रूढ आहेत. पाहुणा म्हणजे जो जाणार हें आधींच ठरलेलें आहे असा माणूस. तो घरांतील भांड्यांच्या जागा बदलीत नाहीं, आणि घरचीं माणसेंही त्याच्यासाठीं आपल्या रीती कायमच्या बदलीत नाहींत. पण पाहुणा म्हणून बोलावलेला माणूस राहिलाच, त्याचीं मुलें त्याच घरांत जन्मलीं आणि वाढलीं, तर त्याला काय म्हणावयाचें? हा प्रश्न एका संपन्न राष्ट्रापुढें सत्तर वर्षें उभा आहे. तें राष्ट्र म्हणजे जर्मनी.

श्रोत्यांना हा विषय कदाचित् दूरचा वाटेल. पण तो आतां तसा राहिलेला नाहीं. २०२२ च्या डिसेंबरांत भारत आणि जर्मनी यांच्यांत स्थलांतरासंबंधीं करार झाला. २०२४ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र सरकारनें जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या प्रांताशीं कुशल मनुष्यबळ पुरविण्याविषयीं समझोता केला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, कुशल भारतीयांना द्यावयाच्या प्रवेशपरवान्यांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचें जर्मन सरकारनें जाहीर केलें. पुण्यामुंबईच्या ज्या घरांत एखादी परिचारिका अथवा एखादा तंत्रज्ञ संध्याकाळीं जर्मन भाषेचे धडे गिरवीत बसलेला असतो, त्या घरांनीं एक गोष्ट जाणून घेणें हिताचें आहे. आपल्या आधीं ज्यांना असेंच बोलावण्यांत आलें त्यांचें पुढें काय झालें, आणि ज्यांनीं बोलावलें त्यांचें काय झालें?

हें समजण्यासाठीं प्रथम दोन कल्पना स्पष्ट करून घेतल्या पाहिजेत. पहिली कल्पना समाजाच्या सुरक्षिततेची. येथें निवृत्तिवेतन किंवा विमा असा अर्थ अभिप्रेत नाहीं. राज्याची सुरक्षितता म्हणजे काय हें आपण जाणतों: सीमा अभंग असावी, सैन्य समर्थ असावें, परकीय सत्तेचा हुकूम चालूं नये. परंतु समाज आणि राज्य या दोन भिन्न वस्तू आहेत. कोपनहेगन येथील शांतताविषयक संशोधनसंस्थेंत काम करणारे ओले वेवर, बॅरी बुझान आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हा भेद विशद केला. राज्य टिकतें तें सार्वभौमत्वावर. समाज टिकतो तो ‘आम्ही’ या जाणिवेवर. भाषा, चालीरीती, सणवार, परस्परांवरचा विश्वास यांतून ही जाणीव घडलेली असते. सीमा जागच्या जागीं असूनही आपली ही ओळख नाहींशी होईल अशी भीति एखाद्या समाजाला वाटूं शकते. भूमिपुत्रांचा वाद ज्यांनीं मुंबईंत ऐकला आहे, त्यांना ही भीति म्हणजे काय हें निराळें समजावून सांगावयास नको.

याच पंडितांनीं एक इशाराही दिला आहे. नदीचें पाणी किती चढलें हें मापतां येतें, तसा ओळखीवरचा धोका मापतां येत नाहीं. पुष्कळ अंशीं तो बोलण्यानें उभा राहतो. कोणी वजनदार माणूस ‘आमचें अस्तित्वच धोक्यांत आहे’ असें म्हणतो, लोक त्याचें म्हणणें मान्य करतात, आणि त्या क्षणापासून तो विषय नेहमींच्या विचारविनिमयाच्या कक्षेंतून बाहेर जातो. घरें किती बांधावीं, शाळेंत शिक्षक किती नेमावेत, हे प्रश्न मागें पडतात आणि असामान्य उपायांची मागणी सुरू होते. म्हणून समाजाची भीति खोटी म्हणून झिडकारणें चूक, आणि ती उच्चारली गेली म्हणून जशीच्या तशी खरी मानणें हीही चूकच.

दुसरी कल्पना निभणाऱ्या स्थलांतराची. अलेक्झांडर बेट्स आणि पॉल कॉलियर या ऑक्सफर्डच्या दोन अध्यापकांनीं २०१८ सालीं नॉर्वेकरितां लिहिलेल्या एका निबंधांत तिची मांडणी केली आहे. तिचा आशय असा कीं, ज्या स्थलांतराला यजमान समाजाची लोकशाही मार्गानें संमति आहे, ज्यांत यजमान राष्ट्र, मूळचा समाज आणि स्वतः स्थलांतरित या तिघांचेंही दीर्घकालीन हित साधतें, आणि ज्यांत संकटांत सांपडलेल्याला आसरा देण्यासारखीं मूलभूत नैतिक कर्तव्यें पाळलीं जातात, तेंच स्थलांतर टिकाऊ होय. आज सोयीचें वाटलें आणि उद्यां पश्चात्ताप करावा लागला, असा व्यवहार निभणारा नव्हे. या कसोटीवर जर्मनीचा इतिहास पाहूं.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे कारखाने झपाट्यानें उभे राहिले आणि खाणींना, पोलादाच्या भट्ट्यांना, मोटारींच्या कारखान्यांना माणसें अपुरीं पडूं लागलीं. २० डिसेंबर १९५५ रोजीं रोम येथें इटलीशीं कामगारभरतीचा करार झाला. १९६० सालीं स्पेन आणि ग्रीस यांच्याशीं तसेच करार झाले. १३ ऑगस्ट १९६१ रोजीं बर्लिनची भिंत उभी राहूं लागली आणि पूर्व जर्मनींतून येणारा कामगारांचा ओघ थांबला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तुर्कस्तानशीं करार झाला. पुढें मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया आणि १९६८ सालीं युगोस्लाव्हिया यांची भर पडली. या लोकांना लोकव्यवहारांत नांव पडलें ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणे कामगार.

योजना अशी होती कीं, तरुण माणसानें यावें, एकट्यानें राहावें, दोन वर्षें काम करावें आणि परत जावें. त्याच्या जागीं दुसरा येईल. तुर्कस्तानच्या करारांत दोन वर्षांची ही मर्यादा स्पष्ट घातलेली होती. परंतु ती फार दिवस टिकली नाहीं. यंत्रावर तयार केलेला माणूस दोन वर्षांनीं घालवावा आणि नव्यास पुन्हां पहिल्यापासून शिकवावें, हें कारखानदारांना परवडेना. १९६४ सालीं ती मर्यादा काढून टाकण्यांत आली. कामगार राहूं लागले; मात्र सरकार, कारखानदार आणि स्वतः कामगार, सर्वच जण ते ‘पाहुणे’ आहेत असें मानीत राहिले.

त्याच वर्षीं १० सप्टेंबरला कोलोन शहराच्या डॉइट्झ स्थानकावर मोठा समारंभ झाला. दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून आर्मांदो रॉद्रिगेस द सा या पोर्तुगीज सुताराचें स्वागत झालें आणि त्याला एक मोपेड भेट देण्यांत आली. ती मोपेड आज बॉन येथील इतिहाससंग्रहालयांत ठेवलेली आहे. तो स्वतः पुढें आजारी पडून मायदेशीं परतला आणि १९७९ सालीं वारला. त्याचें परतणें अपवादात्मक नव्हतें. १९५५ ते १९७३ या काळांत सुमारें १ कोटि ४० लाख माणसें जर्मनींत कामास आलीं, आणि त्यांपैकीं सुमारें १ कोटि १० लाख परत गेलीं. पाहुणे मुळीं गेलेच नाहींत, हा समज बरोबर नाहीं. बहुसंख्य गेले, जे राहिले त्यांच्याविषयीं कोणी विचार केलेला नव्हता.

आतां या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद भाग येतो. १९७३ च्या तेलसंकटाच्या वेळीं, २३ नोव्हेंबर रोजीं, जर्मन सरकारनें परदेशीय कामगारांची भरती बंद केली. त्या वेळीं सुमारें २६ लाख परदेशीय कामगार देशांत होते. दार बंद केलें म्हणजे आंतील गर्दी हळूहळू कमी होईल, अशी अपेक्षा होती. झालें उलट. तोंपर्यंत तुर्की कामगाराला गांवीं जाऊन पुन्हां येण्याची आशा असे. आतां एकदां गेलें कीं परतीचा मार्ग बंद, हें त्याला कळलें. म्हणून तो गेला नाहीं. राहावयाचेंच तर एकट्यानें किती वर्षें राहावें? त्यानें बायकामुलांना बोलावून घेतलें. १९७५ पासून मायदेशीं राहिलेल्या मुलांसाठीं मिळणारा भत्ता जर्मनींतील मुलांच्या भत्त्याहून कमी झाला, हेंही एक कारण घडलें. १९७३ सालीं परदेशीय लोकसंख्या सुमारें ४० लाख होती. १९८२ सालीं ती ४६ लाखांच्या वर गेली.

याच्या शेजारीं इटालियनांचें उदाहरण ठेवून पाहावें. युरोपीय आर्थिक संघाच्या नियमांनीं १९६८ पासून त्यांना सभासद देशांत मोकळेपणीं येण्याजाण्याचा हक्क मिळाला होता. त्यांच्यापुढें दार बंद होण्याची भीतिच नव्हती. म्हणून ते जात, येत, आणि पुष्कळसे कायमचे परतही जात. ज्याला पुन्हां येतां येईल अशी खात्री असते तोच निःशंकपणें परत जातो. केवळ दार लावून घेण्यानें स्थलांतराचें नियमन होत नाहीं, हें या दोन उदाहरणांवरून दिसतें.

राहिलेल्यांच्या मुलांचे हाल वेगळेच झाले. हीं मुलें उद्यां परत जाणार, असें गृहीत धरून बव्हेरियासारख्या प्रांतांत त्यांच्यासाठीं मातृभाषेंतून शिकविणारे स्वतंत्र वर्ग काढण्यांत आले. हेतु वाईट नव्हता. पण मुलें गेलीं नाहींत, आणि जर्मन भाषा कच्ची राहिल्यामुळें चांगल्या धंद्यांच्या शिक्षणाला मुकलीं. १९७९ सालीं सरकारनेंच नेमलेले अधिकारी हाइन्झ क्यून यांनीं आपल्या निवेदनांत स्पष्ट सांगितलें कीं, हे लोक येथलेच झाले आहेत हें मान्य करावें आणि त्यांच्या मुलांना शाळा, काम व नागरिकत्व यांचीं दारें उघडावीं. त्यांचा सल्ला मानला गेला नाहीं. उलट १९८३ सालीं, जो परत जाईल त्याला साडेदहा हजार मार्क आणि प्रत्येक मुलामागें दीड हजार मार्क देण्याचा कायदा झाला. कांहीं कुटुंबें गेलीं, बहुतेक राहिलीं. ‘जर्मनी हा स्थलांतरितांचा देश नव्हे’ हें वाक्य मात्र राज्यकर्ते पुढेंही अनेक वर्षें उच्चारीत राहिले.

जें घडलें आहे तें घडलेलें नाहीं असें म्हणत राहिल्यानें समाजाची सुरक्षितता वाढते काय? १९९० नंतर याचें उत्तर फार कठोरपणें मिळालें. जर्मनीचें एकीकरण झालें होतें, पूर्वेकडील कारखाने बंद पडत होते आणि युगोस्लाव्हियांत युद्ध पेटलें होतें. १९९२ सालीं आश्रयासाठीं ४ लाख ३८ हजारांवर अर्ज आले. त्याच वर्षीं ऑगस्टांत रोस्टोक येथें, जेथें व्हिएतनामी कामगार राहत होते त्या इमारतीवर जमावानें हल्ला केला आणि आग लावली. भोंवतीं जमलेले लोक टाळ्या वाजवीत होते. नोव्हेंबरांत म्योल्न येथें तुर्की कुटुंबांच्या घरांना आगी लावण्यांत आल्या आणि तिघी दगावल्या. १९९३ च्या मे महिन्यांत संसदेनें आश्रयाचा हक्क आकुंचित करणारी घटनादुरुस्ती संमत केली. त्यानंतर तिसऱ्याच दिवशीं झोलिंगेन येथें तुर्की कुटुंबाचें घर जाळण्यांत आलें आणि पांच स्त्रिया व मुली मरण पावल्या. सुरक्षिततेचा विचार करतांना यजमानांच्या भीतीचीच चर्चा होते. परंतु आलेलेही त्याच समाजाचे घटक झालेले असतात, आणि रात्रीं आपलें घर पेटेल कीं काय ही त्यांची भीति अधिक प्रत्यक्ष असते.

यानंतर दिशा बदलली, पण सावकाश. वंशावर आधारलेला नागरिकत्वाचा कायदा १९१३ सालचा होता. १ जानेवारी २००० पासून, आईबापांपैकीं एकजण आठ वर्षें कायदेशीरपणें राहत असल्यास जर्मनींत जन्मलेल्या मुलाला जन्मतःच नागरिकत्व मिळूं लागलें. २००५ सालीं पहिला खरा स्थलांतरकायदा अंमलांत आला आणि नवागतांसाठीं ६०० तासांच्या भाषाशिक्षणाची सोय झाली. म्हणजे पहिल्या करारानंतर पन्नास वर्षांनीं राष्ट्रानें कबूल केलें कीं, पाहुणे घरचे झाले आहेत. या अर्ध्या शतकाच्या विलंबाचें मोल दोन पिढ्यांनीं दिलें.

मग २०१५ साल उजाडलें. सीरियांतील व इतर युद्धांमुळें एका वर्षांत सुमारें ८ लाख ९० हजार माणसें आश्रयार्थ जर्मनींत आलीं. स्वीडनसारख्या सुमारें ९८ लाख वस्तीच्या देशांत त्याच वर्षीं सुमारें १ लाख ६३ हजार अर्ज आले. आश्रय देण्यांत दोन्ही राष्ट्रांनीं मोठें औदार्य दाखविलें यांत शंका नाहीं. पण घरें, शाळा आणि कचेऱ्या यांची तयारी त्या वेगाची नव्हती. स्वीडनच्या सरकारला नोव्हेंबरांतच आपलें धोरण फिरवावें लागलें. जर्मनींत स्थलांतरविरोधी पक्षाला २०१७ च्या निवडणुकींत १२.६ टक्के मतें मिळालीं आणि २०२५ सालीं तीं २०.८ टक्क्यांवर गेलीं. दुसऱ्या पारड्यांत हेंही घातलें पाहिजे कीं, २०१५ सालीं आलेल्यांपैकीं काम करण्याच्या वयाचीं दहांत सुमारें सहा माणसें दहा वर्षांच्या आंत कामाला लागलीं होतीं. पुरुषांत हें प्रमाण पुष्कळ अधिक, स्त्रियांत बरेंच कमी.

यांतून केवळ संख्येचा निष्कर्ष काढणें सोपें आहे, पण तो पुरा पडत नाहीं. स्थलांतरविरोधी पक्षाचें बळ सर्वांत जास्त आहे तें पूर्वेकडील प्रांतांत, आणि तेथें परदेशीयांचें प्रमाण पश्चिमेपेक्षां कमी आहे. १९९० नंतर त्या प्रांतांतील लाखों तरुण पश्चिमेकडे निघून गेले; मागें राहिलेल्यांची गांवें ओस पडलीं, शाळा बंद झाल्या. ज्या समाजाला आपलाच आधार सुटल्यासारखा वाटतो, त्याला थोडे परकेही फार वाटतात. जेथें शेजार जुना झाला आहे तेथें ही भीति तितकी तीव्र राहत नाहीं. भीतीचीं मुळें केवळ येणाऱ्यांच्या संख्येंत नसतात. येण्याचा वेग, यजमानांची स्वतःची स्थिति आणि त्यांना कोणी विचारलें कीं नाहीं, या तिन्ही गोष्टींत असतात.

जर्मनीला माणसें हवीं आहेत, ही गरजही खरी आहे. १९७२ पासून त्या देशांत प्रतिवर्षीं जन्मांपेक्षां मृत्यू अधिक होत आले आहेत. म्हणून आतां हांक आपल्याकडे आली आहे. पण भारताला हा अनुभव अगदींच नवा नाहीं. १९६० नंतर केरळांतील अनेक तरुणी ख्रिस्ती धर्मसंस्थांच्या द्वारें परिचारिका म्हणून पश्चिम जर्मनींत गेल्या. १९७० नंतरच्या दशकांत गरज ओसरली, तेव्हां त्यांपैकीं अनेकींचे परवाने वाढवून मिळाले नाहींत आणि त्यांना परतावें लागलें. ज्यांनीं तेथें लग्न केलें किंवा ज्यांना कायम परवाना मिळाला, त्या राहिल्या. सेवा एकच, पण कागदावरच्या एका ओळीनें दोघींच्या आयुष्यांचे मार्ग निराळे झाले.

तेव्हां मुलांना परदेशीं पाठविणाऱ्या घरांनीं पगाराच्या आंकड्याबरोबर आणखी कांहीं प्रश्न विचारावेत. परवाना किती वर्षांचा आणि नोकरी सुटल्यास त्याचें काय? आपली पदवी तेथें मान्य होईल, कीं परिचारिकेला मदतनीस म्हणूनच राबावें लागेल? पतिपत्नींना एकत्र राहतां येईल काय? जर्मनीनें २०२४ च्या जूनपासून पांच वर्षांनंतर नागरिकत्वाचा मार्ग मोकळा केला आणि मूळचें नागरिकत्व सोडण्याची अट काढली. परंतु आपला १९५५ चा नागरिकत्वाचा कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाहीं, आणि स्वेच्छेनें परदेशाचें नागरिकत्व घेणाऱ्याचें भारतीय नागरिकत्व संपतें. हा निर्णय करण्याची वेळ पांचव्या वर्षीं येईल, हें पहिल्या वर्षींच ठाऊक असलेलें बरें. सरकारांनींही एक प्रश्न स्वतःस विचारावयास हवा: सार्वजनिक खर्चानें तयार झालेली परिचारिका गेली, तर तिच्यामागें आपल्या तालुक्याच्या रुग्णालयांत कोण उरतें? मूळच्या समाजाचें हित ही टिकाऊ स्थलांतराची अट आहे, ती याच अर्थानें.

यजमान समाजाला आपली भाषा आणि रीत टिकावी असें वाटणें यांत गैर कांहीं नाहीं. आपल्यालाही तसेंच वाटतें. येणाऱ्यानें ती भाषा शिकावी आणि ती रीत समजून घ्यावी, ही अपेक्षा रास्त आहे. पण तिच्या बदल्यांत, तो राहणार असेल तर घरचा होण्याचा मार्ग त्याला पहिल्या दिवसापासून दिसला पाहिजे. आणि तो परत जावा असें वाटत असेल, तर पुन्हां येण्याचें दार उघडें ठेवलें पाहिजे. किती जणांना, कोणत्या वेगानें आणि कोणत्या अटींवर घ्यावयाचें, हें यजमानांनीं उघडपणें ठरवावें आणि ठरविलेलें पाळावें. जर्मनीनें माणसें बोलावलीं हा तिचा दोष नव्हता. आलेल्या माणसांना पन्नास वर्षें पाहुणे म्हणत राहणें, हा तो दोष होता. आज आपलीं मुलें त्याच दाराशीं उभीं आहेत. त्यांना पाहुणे म्हणून बोलावलें जात आहे कीं घरचे म्हणून, हें त्यांनीं पेटी भरण्यापूर्वीं विचारून घ्यावें.